किलोवॅटचा आकडा शेवटी यावा

संपादक महोदय,

जेवढी वीज वापरायची तेवढी वर्षभरात घरानेच तयार करायची, हा विचार आता बऱ्याच घरबांधणीच्या आराखड्यांत दिसतो. पण आराखड्यात पहिला आकडा पडतो तो सौर पॅनेलच्या किलोवॅटचा, आणि गणित तिथेच उलटे होते. आधी विजेची गरज कमी करायला हवी.

आंघोळीच्या पाण्याचेच पाहा. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधा गीझर सुमारे ३ युनिट घेतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा हीट पंप तेच काम साधारण १ युनिटात करतो. वर्षाकाठी फरक ७०० युनिटांचा. चांगल्या उन्हाच्या जागी १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात. म्हणजे केवळ त्या गीझरपायी अर्धा किलोवॅट जास्तीचा बसवावा लागतो. राउटर, सेट टॉप बॉक्स वगैरे मिळून अखंड २० वॅट खात असतील, तर तेही वर्षाला १७५ युनिट होतात.

काचांच्या बाबतीत चूक हमखास होते. छज्जा डोक्यावरचे ऊन अडवतो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन त्याच्याखालून सरळ आत शिरते. तिथे खिडकीच्या बाहेर उभ्या पट्ट्या किंवा झडपा हव्यात. आतला पडदा ओढेपर्यंत उष्णता काच ओलांडून आलेली असते. उष्णतारोधक थरही शक्यतो बाहेरून द्यावा. आतून दिला तर तुळया आणि स्लॅबच्या टोकांशी तो तुटतो, आणि थंड हवामानात नेमक्या त्याच जागी ओल धरून बुरशी येते. फटी बुजवून घर हवाबंद केले, तर ताज्या हवेची सोय आराखड्यातच असली पाहिजे. नंतर आठवण होऊन भिंतीला भोके पाडण्यात अर्थ नाही.

एवढे झाल्यावर उरलेल्या गरजेपुरती पॅनेल मोजावीत. त्यांच्यावर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. भर उन्हात पॅनेल ६० अंशांवर गेले की उत्पादन १२ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणून खालून वारा खेळायला जागा ठेवावी. पत्र्याला चिकटवू नये. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी १२ वाजता पाहून भागत नाही, सकाळी ९ आणि दुपारी ४ लाही पाहावी. एकाच मालिकेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली, तर फटका त्या एकापुरता राहीलच असे नाही.

आणखी एक गैरसमज: वर्षाचा हिशेब शून्यावर आला म्हणजे घर स्वयंपूर्ण झाले, असे नव्हे. रात्री आणि ढगाळ आठवड्यांत वीज बाहेरूनच येते. बाहेरची वीज गेली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला साधा ग्रिड-जोड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि ती सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तेव्हा घर बांधणाऱ्याने वास्तुविशारदाकडून वार्षिक बेरजेऐवजी वापर आणि उत्पादन यांचा बाराही महिन्यांचा तक्ता मागून घ्यावा, तोही पाया खणण्याआधी.

— एक वाचक