अँजिओ नॉर्मल, मग छातीत दुखतं ते काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा बायकांच्या हृदयविकारावरचा लेख वाचला. 'अँजिओग्राफी नॉर्मल आली की निर्धास्त व्हा' हे वाक्य तर तुम्ही ठळक अक्षरांत, चौकटीत छापलंत. ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, कारण याच वाक्यापायी आमच्या घरातली बाई नाहक सोसत राहिली.

माझी धाकटी जाऊ. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून सकाळी सगळ्यांचे डबे वेळेवर देणारी. तिला वाड्याचा जिना चढताना मधेच कठडा धरून थांबावं लागू लागलं. छातीत कळ अशी नाही. जबडा जड व्हायचा, पाठीत आवळून आल्यासारखं व्हायचं, कधी तर बसल्या जागी. ट्रेडमिल टेस्टमध्ये दोष दिसला म्हणून इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात अँजिओ झाली. ब्लॉकेज नाही. डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "बेन, बधुं नॉर्मल छे. गॅस छे. टेन्शन ना लो." ॲसिडिटीची गोळी आणि झोपेची गोळी घेऊन आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून तिचं दुखणं घरच्यांच्या लेखी मनाचं झालं. माझे दीर वाईट नाहीत, पण तेही म्हणायचे, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, काही नाही म्हणून?" मग तिने बोलणंच सोडलं. पोळ्या करता करता लाटणं ठेवून मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि कुणाची चाहूल लागली की पदराने घाम टिपून उठायची.

शेवटी अहमदाबादला दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा उलगडा झाला. अँजिओत दिसतात त्या मोठ्या रक्तवाहिन्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात येतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला गरजेप्रमाणे रक्त कमी-जास्त करण्याचं काम मुख्यतः त्यांचंच. त्यांनी बारीक तार आत घालून, ॲडेनोसिन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देऊन रक्ताचा प्रवाह किती वाढतो ते मोजलं. निरोगी हृदयात तो कितीतरी पट वाढतो, हिचा दुप्पटही होईना. डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणी बीपी वाढलं होतं का? वाढलं होतं, पाय सुजले होते, बाळंतपणही आधीच करावं लागलं होतं. त्याचा पुढे हृदयाशी संबंध असतो, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मधुमेह, रक्तदाब, पाळी जाणं, हीही कारणं त्यांनी सांगितली.

हे काही कालपरवाचं ज्ञान नाही, संपादक महाराज. ब्लॉकेज नसताना छातीत दुखणाऱ्या रुग्णांना 'सिंड्रोम एक्स' हे नाव 1973 साली मिळालं. अमेरिकेत 1996 मध्ये खास बायकांसाठी 'वाइज' नावाचा अभ्यास सुरू झाला. छातीत दुखतंय पण मोठा अडथळा नाही अशा ज्या बायकांच्या बारीक वाहिन्या त्यात तपासल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींच्या वाहिन्यांत दोष निघाला. अशा बायकांना पुढे हार्ट अटॅकचा, हार्ट फेल्युअरचा धोका जास्त असतो. मग निर्धास्त कोणी व्हायचं?

आता तिला कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन आणि बीपीची औषधं चालू आहेत, चालणं ठरवून दिलंय. दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण ती आता ते लपवत नाही.

आणखी एक. लेख बायकांवर आणि फोटो कोटातल्या पुरुषाचा, छाती धरून उभा असलेला! जबडा दुखणाऱ्या, नुसताच थकवा आलेल्या बाईने तो पाहून काय समजायचं? त्याच पानावर महिलांच्या मोफत तपासणी शिबिराची बातमी आहे. वेळ सकाळी दहा ते बारा. त्या वेळी आमच्या दांडिया बाजारातल्या किती बायका स्वयंपाकघर सोडून येऊ शकतील, हे आयोजकांना विचारा. आणि तिथे नुसता ईसीजी काढून 'ठीक आहे' म्हणणार असतील, तर तेही विचारा.

ती चौकट पुढच्या अंकात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दुरुस्त करून छापावी. दुखणं थांबत नसेल तर 'बारीक वाहिन्या तपासल्या का?' हे डॉक्टरांना विचारा, एवढं तरी त्यात असावं.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदे