रेल्वे आली आणि घोडे वाढले

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

आगगाडी आल्यावर शहरांतले घोडे हटले असतील, असं तू तुझ्या लेखात धरून चालला आहेस. झालं नेमकं उलटं. गाडी माल आणि माणसं स्टेशनात आणून सोडायची. तिथून गोदामात, दुकानात, घरात पोचवणं घोड्याकडेच होतं. रेल्वे वाढली तशी घोड्यांची गरज वाढली. वाफेचं युग भरात असताना, १८९० च्या दशकात, एकट्या लंडनमध्ये सुमारे तीन लाख घोडे होते. म्हणून लेखात घोड्याला वाफेच्या आधीचा ठरवू नकोस. तो वाफेच्या जोडीने राबला, आणि त्याच्या पोटाने, खांद्याने, खुरांनी शहराला आपल्या अटी घातल्या.

पोटापासून सांगतो. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. दिवसाची चंदी एकदम पुढ्यात ओतली की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावूही शकतं. म्हणून ती तीन-चार वेळा वाटून द्यायची, आधी पाणी आणि गवत, मग दाणा. पाचशे किलोच्या कष्टाच्या घोड्याला रोज दहा ते बारा किलो चारा-दाणा आणि तीस ते पन्नास लिटर पाणी लागतं. सुट्टीच्या दिवशी मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, दाणा निम्मा केला नाही, तर दुसऱ्या दिवशी जुंपल्यावर थोड्याच अंतरात मागच्या मांड्या दगडासारख्या होतात, दरदरून घाम सुटतो, मूत काळपट येतं. रविवारच्या विश्रांतीनंतर घडायचं, म्हणून युरोपातल्या तबेल्यांत हे सोमवारचं दुखणं म्हणूनच ओळखलं जाई. अशा घोड्याला चालवत घरी नेणं हा सर्वांत वाईट उपाय. आहे तिथेच उभा ठेवायचा, पांघरूण घालायचं.

आता खांदा. लंडनच्या घोडाबसला एका वेळी दोनच घोडे जुंपत, पण दिवसभर धावणाऱ्या एका बसमागे सुमारे अकरा घोडे पाळावे लागत. प्रत्येकाकडून तीन-चार तासच काम घेता येई, तेवढ्यात वीसेक किलोमीटर होत. १८३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यात रूळ घालून घोड्यांची ट्राम सुरू झाली. लोखंडावर चाक हलकं फिरतं, त्यामुळे तीच जोडी कितीतरी जास्त उतारू ओढू लागली. लोकांना शहराच्या मध्यापासून लांब राहणं परवडू लागलं ते यामुळे. पण धावती गाडी ओढत ठेवण्यापेक्षा थांबलेली गाडी हलवायला कितीतरी पट जोर लागतो, आणि ट्राम तर सारखी थांबायची. पायांच्या शिरा आणि सांधे त्यातच जात. चार-पाच वर्षांत ट्रामचा घोडा त्या कामातून बाद होऊन विकला जाई. हा भाग लेखात गाळू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी ओढण्यासाठी मानेभोवती घालतात तो गळपट्टा बेताचा असणंही तितकंच महत्त्वाचं. घोडा सरळ उभा असताना पट्ट्याच्या तळाशी, श्वासनळीपुढे, आडवा पंजा सरकला पाहिजे. घट्ट असेल तर चढावर दम कोंडतो. सैल असेल तर घासून खांद्याला जखम पडते, आणि ती भरेपर्यंत घोडा बसून.

खुरांचं गणित रस्त्याशी जोडलेलं. ग्रॅनाइटच्या फरसबंदीत सांध्यांमध्ये नालेला पकड मिळते, पण आदळून सांधे झिजतात. डांबराचा रस्ता गुळगुळीत, पण ओला झाला की घोडा घसरतो. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलायची, कठीण रस्त्यावर त्याआधीच. खिळा खुराच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या आत गेला की जिवंत भागात घुसतो आणि घोडा लंगडतो.

घोडे थांबले तर काय होतं, ते १८७२ मध्ये दिसलं. टोरोंटोच्या आसपास सुरू झालेली घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ काही महिन्यांत अमेरिकाभर पसरली. मरणारे थोडे होते, पण आजारी इतके की ट्रामगाड्या, मालगाडे सगळं अडलं. नोव्हेंबरात बॉस्टनला मोठी आग लागली तेव्हा बंब माणसांनी ओढत नेले.

लिदीबद्दल एक सावधगिरी. १८९४ मध्ये ‘द टाइम्स’ने लंडन नऊ फूट लिदीखाली जाईल असं भाकीत केलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, तसा लेख त्या वर्तमानपत्रात सापडत नाही, तेव्हा ती घेऊ नकोस. लिदीचा त्रास मात्र खरा होता. घोडा रोज पंधरा-वीस किलो लीद टाकतो, तीवर माशा वाढतात. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून सुमारे १५,००० मेलेले घोडे उचलावे लागले. दयाबुद्धीने बांधलेले पाण्याचे सार्वजनिक हौदही ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग पसरवत. एका घोड्याच्या नाकातला स्राव पाण्यात गेला की दुसऱ्यांना लागण, माणसालाही धोका. काही शहरांनी म्हणूनच ते हौद बंद केले.

१८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला विजेची ट्राम यशस्वी झाल्यावर ट्रामचे घोडे झपाट्याने गेले. लंडनच्या सर्वांत मोठ्या बसकंपनीची शेवटची घोडाबस १९११ मध्ये, न्यूयॉर्कची शेवटची घोडाट्राम १९१७ मध्ये बंद झाली. दूधवाल्यांचे घोडे मात्र पुढेही बरीच वर्षं टिकले, कारण मालक बाटल्या घेऊन दारोदार जात असताना घोडा आपणहून पुढच्या घरापाशी जाऊन उभा राहायचा. मोटारीला हे जमत नव्हतं.

तुझा,
विश्वास