नदीपासून नको, खिळ्यांपासून सुरुवात करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात : ‘संज्ञाप्रवाहा’ची (पात्राच्या मनातले विचार येतील तसे मांडण्याच्या शैलीची) व्याख्या आणि १९४१ साली तिने नदीत जीव दिल्याची हकिगत. व्याख्या गाइडातून पाठ होते, हकिगत ध्यानात राहते, पुस्तक उघडायचं मात्र राहून जातं. शिवाय समोरच्या बाकावरच्या एखाद्या मुलाच्या घरात असं काही घडलेलं असू शकतं. तिथे हे चवीने सांगणं बरं नव्हे.

सुरुवात छापखान्यापासून करावी. १९१७ मध्ये व्हर्जिनिया आणि तिचा नवरा लिओनार्ड यांनी छपाईचं एक छोटं हातयंत्र विकत घेतलं आणि लंडनजवळच्या रिचमंडमधल्या घरी जेवणघरातच मांडलं. लिओनार्डचे हात थरथरत, म्हणून खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) तिने जुळवायचे, यंत्र त्याने चालवायचं. खिळे कप्प्यांत लावताना ‘एच’ आणि ‘एन’ तिच्याकडून मिसळले गेले, हे तिनेच पत्रात लिहिलंय. त्याच जुलैत दोघांची एकेक कथा असलेली पुस्तिका निघाली, प्रती १५०. आपल्याकडे तालुक्याच्या गावी जुन्या छापखान्यातले दोन-चार खिळे मिळाले तर वर्गात फिरवावेत. उलटं अक्षर बोटांत धरलं की शब्द वेचणं म्हणजे काय ते कळतं. तिच्या पहिल्या दोन कादंबऱ्या सावत्र भावाच्या प्रकाशनाने काढल्या; १९२२ च्या ‘जेकब्ज रूम’पासून मात्र त्या स्वतःच्या हॉगार्थ प्रेसतर्फे येऊ लागल्या, आणि कादंबरीच्या ठरीव साच्याची मोडतोड करणारे प्रयोग तिथेच मोकळे सुटले.

दुसऱ्या तासाला कादंबरी नको, ‘क्यू गार्डन्स’ ही छोटी कथा घ्यावी. आपल्याकडे तिच्या लेखनावरचा प्रताधिकार २००१ अखेर संपलाय, त्यामुळे मूळ इंग्रजी कथेची झेरॉक्स बिनदिक्कत वाटता येते. फुलांच्या वाफ्याजवळून चार जोड्या जातात, वाफ्यात एक गोगलगाय. कथा मोठ्याने वाचावी आणि जोडी बदलली की रंगीत पेन्सिलीने रेघ मारायला लावावी. पोरं अडखळतात ती गोगलगायीपाशी : ‘सर, हिचा अर्थ काय?’ तेव्हा घाईने प्रतीक सांगू नये. जमिनीलगतून ही माणसं कशी दिसतील, एवढंच विचारावं.

मग ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५), तीही सगळी नाही. भर दुपारी बाराचे ठोके पडतात ती जागा काढावी. नायिका क्लॅरिसा आपला हिरवा पोशाख पलंगावर ठेवते, त्याच ठोक्याला युद्धातून परतलेला सेप्टिमस आणि त्याची बायको लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरून चाललेली असतात. क्लॅरिसा आणि सेप्टिमस यांची भेट कादंबरीभर होत नाही, तरी ‘ते भेटतात’ असं उत्तरपत्रिकेत हमखास येतं. फळ्यावर एकाखाली एक दोन आडव्या रेघा ओढून दोन्हींवर बाराची खूण केली की घोळ मिटतो.

शेवटी मुलांनी स्टँडवरच्या दहा मिनिटांवर मराठीत पानभर लिहावं. पहिल्या खर्ड्यात दर ओळीला ‘असं तिला वाटलं’ येणारच. ते खोडायला लावावं आणि कुणाचं मन ते तरी कळतंय का, हे शेजारच्याला विचारावं. विरामचिन्हं काढली की संज्ञाप्रवाह झाला, हा गैरसमजही इथेच निघतो. वुल्फच्या पानावर अर्धविराम मोजून दाखवावेत.

परीक्षेतही व्याख्या विचारण्याऐवजी दहा ओळींचा न शिकवलेला उतारा द्यावा आणि कोणती ओळ कुणाच्या मनातली, हे विचारावं. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने एवढा एक प्रश्न तरी घालावा.

आपला,
इंग्रजीचा एक अध्यापक, अंबाजोगाई