पाहुण्याच्या नावाखालची पट्टी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

चॅनेलवर चर्चेचे पाहुणे ठरवायचं काम तुझ्याकडे आलं, याचा आम्हाला आनंद आहे. बोलणारा कोण, हे प्रेक्षकाला फक्त नावाखालच्या पट्टीवरून कळतं आणि ती पट्टी आता तू लिहिणार. 'राजकीय विश्लेषक', 'शेती अभ्यासक' असले शब्द होता होईल तो टाळ. त्यातून माणूस कोणाच्या बाजूने बसलाय, याचा पत्ता लागत नाही.

उसाचंच घे. गळीत हंगाम आला की एफआरपीवर, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दरावर, चर्चा होणारच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, थकवले तर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये दोन हप्त्यांची मुभा दिली, तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला. आता एखादा 'अभ्यासक' म्हणाला की एकरकमी एफआरपी कारखान्यांना झेपणारी नाही, तर मुद्दा विचार करण्यासारखा असेलही. पण त्याची बायको खासगी कारखान्याची संचालक असली, तर ऊस घालणाऱ्याला ते ऐकतानाच माहीत हवं. पट्टीवर 'कुटुंबाचा खासगी साखर कारखाना' एवढे चार शब्द पुरतात. त्याला बोलवायचंच नाही, असं मी म्हणत नाही. कारखान्याचा हिशेब त्याच्याइतका कोणाला ठाऊक असतो?

पाहुणा निवडणूक लढवलेला असेल तर आधी त्याचं नमुना २६ चं, म्हणजे उमेदवारी अर्जासोबत दिलेलं, प्रतिज्ञापत्र काढ. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. संपत्तीच्या बेरजेवर थांबू नकोस. शेअर्स, कर्जं, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं हे रकाने वाच. कर्ज कोणत्या बँकेचं, कोणत्या पतसंस्थेचं, यातून पुष्कळ उलगडतं. मात्र या कागदात उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असणारे एवढ्यांचीच संपत्ती येते. कमावता मुलगा, सून, भाऊ, मेहुणा यांच्या संपत्तीचा पत्ताच नसतो, आणि आपल्याकडे धंदा बहुधा त्यांच्याच नावावर असतो. शिवाय ही माहिती उमेदवारी अर्ज भरतानाची असते. चार वर्षांनी ती शिळी झालेली असते.

राज्यसभेत नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण राहील इतके शेअर्स, सल्लागारी, व्यावसायिक काम, हे सगळं तिथे लिहावं लागतं. लोकसभेत अशी नोंदवही नाही आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

कुटुंबाच्या कंपन्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात. संचालकांची नावं फुकट दिसतात. भागधारकांची यादी वार्षिक विवरणात, म्हणजे एमजीटी-७ सोबत असते. त्यासाठी कंपनीमागे १०० रुपये भरावे लागतात. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती नावाची. एकाच नावाचे दहा पाटील निघतात, त्यात इंग्रजी स्पेलिंग तिघांची तीन. वडिलांचं नाव आणि पत्ता प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहा, डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, टिपून ठेव आणि राजीनामा दिला असेल तर त्याची तारीख बघ. जुळलं नाही तर पट्टीवर काही घालू नकोस. खोटा आरोप मागे घेता येत नाही. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत मिळतील.

मराठी वाचकाला लोकमत दर्डांचा, सकाळ पवार घराण्यातला, प्रहार राणेंचा, सामना ठाकऱ्यांचा हे ठाऊक आहे. तो तेवढी वजाबाकी करून वाचतो. पॅनेलवरच्या अनोळखी माणसाबाबत त्याला ती सोय नसते. पैसे घेऊन बातमी छापली की हेच होतं, 'जाहिरात' हा शब्दच गायब असतो. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना अशाच मजकुराचा खर्च लपवल्याबद्दल आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पत्रकार, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांच्यासाठी मात्र कसलीच नोंदवही नाही, म्हणून त्यांना थेट विचारायचं आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यायचं: गेल्या तीन वर्षांत कोणत्या पक्षाकडून, उमेदवाराकडून किंवा या विषयातल्या कंपनीकडून पैसे घेतले का? कोणत्या महामंडळावर किंवा संचालक मंडळावर आहात का? घरातलं कोणी? सध्या कुठे सल्लागार आहात?

उत्तरं तारखेसह एका शीटमध्ये ठेव, दर सहा महिन्यांनी आणि निवडणूक जाहीर झाली की पुन्हा विचार. बहुतेक लोक सरळ सांगतात. जो टाळाटाळ करेल त्याला त्या दिवशी बसवू नकोस. त्यासाठी दुसरा पाहुणा दुपारीच सांगून ठेव, कारण चर्चेच्या अर्धा तास आधी कोणी मिळत नाही आणि मग जो रिकामा असेल तो खुर्चीत बसतो.

तुझी,
आई