घरात नेटवर्क न मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: घरात रेंज न मिळणे व नंबर पोर्ट करण्यापूर्वी लेखी उत्तर मिळण्याबाबत.

महोदय,

मी गेली ९ वर्षे आपली ग्राहक आहे. माझा आणि वडिलांचा, दोन्ही नंबर आपल्याकडे आहेत. आता दुसऱ्या कंपनीत जावे का, याचा विचार गेले तीन आठवडे चालू आहे.

आमच्या घरात आपली रेंज फक्त एका खिडकीत येते. फोन वाजला की वडील भिंतीला धरत तिथवर जातात, फोन गजाला टेकवतात आणि स्पीकर लावून मोठ्याने बोलतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांचा फोन असाच दोनदा कट झाला. गोळी निम्मी करायची होती, ते आम्हाला संध्याकाळी कळले. तोवर दुपारची पूर्ण गोळी घेऊन झाली होती.

ग्राहक सेवेला चार वेळा फोन केला. चारही वेळा फोन बंद करून चालू करायला सांगितले. वेबसाइटवरच्या नकाशात आमच्या भागात पूर्ण कव्हरेज दिसते, पण असे नकाशे बहुधा घराबाहेरच्या रेंजचे असतात, हे आपल्याकडून कोणीही सांगितले नाही.

शेवटी दुसऱ्या कंपनीचे प्रीपेड सिम आणून वडिलांच्याच फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घातले. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, म्हणून दांड्यांवर न जाता सेटिंगमधला आकडा रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिला. आतल्या खोलीत आपला सिग्नल उणे ११४ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचे माप; उणे आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) आसपास, त्यांचा उणे ९४. वीस डेसिबलचा फरक म्हणजे त्यांचा सिग्नल शंभरपट ताकदीचा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, २३०० च्या पुढच्या जास्त अडतात. आमच्याकडे आपला कमी फ्रिक्वेन्सीचा बँड चालू आहे का, हा माझा साधा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला कोणीच दिलेले नाही.

त्यांचेही सगळे चांगले आहे असे नाही. रात्री गर्दीच्या वेळी त्यांचे इंटरनेट रांगते, आपले बरे चालते, आणि माझ्या कामाच्या ठिकाणी तर आपलेच नेटवर्क उत्तम आहे. म्हणूनच निर्णय अडला आहे. नाहीतर नंबर तोच ठेवून कधीच गेले असते.

पोर्टिंगची चौकशी करताच आपल्याकडून स्वस्त प्लॅन देण्यासाठी दोन दिवसांत तीन फोन आले. रेंज नाही म्हणून मी इतके दिवस सांगत होते, तेव्हा एकही आला नव्हता. याचे मला फार वाईट वाटले. मी पैसे कमी करा असे कधीच म्हटलेले नाही.

कृपया तंत्रज्ञ पाठवून घराच्या आत, आतल्या खोलीत मोजणी करून घ्यावी. घरी ब्रॉडबँड आहे, त्यामुळे वडिलांच्या फोनवर आपली वाय-फाय कॉलिंग सेवा सुरू होत असेल तरी आमचा प्रश्न सुटेल. त्यांच्या हँडसेटला ती मिळते की नाही, एवढे तरी स्पष्ट लिहावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास वडिलांचा नंबर पोर्ट करणार आहे. माझा आपल्याकडेच राहील.

उत्तर ईमेलवर पाठवावे. मी घरी असताना आपला फोन लागत नाही.

आपली,
एक ग्राहक