जुने प्लग गिऱ्हाइकाला परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी गाडीची निगा कशी राखावी, याची यादी आपल्या पुरवणीत आली होती. त्यात प्लगच्या (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो स्पार्क प्लग) वाट्याला एकच ओळ होती, ‘वेळेवर बदलावेत’. ओळ बरोबर आहे, पण काढलेल्या जुन्या प्लगचं काय करायचं हे कुणीच लिहीत नाही. मी वाईला पसरणी घाटाच्या रस्त्यावर एकोणतीस वर्षं गॅरेज चालवतो आणि माझी तक्रार नेमकी त्या जुन्या प्लगांबद्दल आहे.

गेल्या हंगामात एक स्ट्रॉबेरीवाला त्याची जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती व्हॅन घेऊन आला. सपाटीला गाडी ठीक, घाट लागला की मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवायचं. दुसऱ्या एका गॅरेजात त्याने महिन्यात दोनदा प्लग बदलून घेतले होते. नवे प्लग टाकले की आठवडाभर बरं, मग परत तेच. शेवटी त्याला ‘रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल’ (म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन अर्धं खोलून बांधावं लागेल) असं सांगून अठ्ठावीस हजारांचा अंदाज दिला होता. “मिस्त्री, इंजिन बांधायचं तर हंगामाची कमाई त्यातच जाणार,” तो म्हणाला. मी विचारलं, जुने प्लग कुठंयत? ते दोन्ही वेळेला कचऱ्यात गेले होते.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, तिन्ही प्लग काढले आणि बाकावर आपलाच आदल्या दिवशीचा अंक पसरून एक, दोन, तीन असे क्रमाने मांडले. हा क्रम मोडला की अर्धी माहिती गेली. पहिला आणि तिसरा छान बिस्किटी रंगाचे. दोन नंबरचा काळा आणि ओला. इथंच पहिल्या गॅरेजवाल्याने ‘ओला म्हणजे ऑईल, ऑईल म्हणजे रिंगा’ असा हिशेब केला असणार, कारण झिजल्या रिंगांतून ऑईल वर चढतं. मी तो प्लग कागदावर टेकवला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत ओल उडून गेली होती, कागदावर काजळी तेवढी राहिली. ऑईल असतं तर भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग पडला असता आणि तो वाळला नसता. म्हणजे ते पेट्रोल होतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल येत होतं, पण ठिणगी पडत नव्हती. तरी खात्रीसाठी गेज लावून पाहिला, तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) सारखं निघालं. रिंगांचा काही संबंध नव्हता.

मग प्लग परत बसवले, संध्याकाळी दिवे घालवून गाडी चालू केली आणि न्हाव्याकडे असते तसल्या बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवरून निळी ठिणगी तटतट बॉडीला मारताना त्या स्ट्रॉबेरीवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. वायर उंदराने कुरतडलेली होती. गाडीत फळांचा वास, उंदीर येणारच. वायरींचा सेट बदलला, काम काही शेकड्यांत संपलं.

घाटातच का, तर चढाला पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात प्लगच्या फटीतून उडी मारायला करंटला जास्त जोर लागतो. बाहेर वायरीला सोपी वाट असली तर करंट तिकडून पळतो. नवा, कोरडा, स्वच्छ प्लग कमी जोरात पेटतो, म्हणून आठवडाभर बरं वाटायचं.

आपल्या वाचकांत चेतक चालवलेले पुष्कळ असतील. त्यांना हे नवं नाही. डिकीत प्लगपाना आणि जादा मायको प्लग असायचाच, आणि पेट्रोलमध्ये ऑईल अंदाजाने ओतलं की रस्त्याकडेला बसून प्लग पुसणं आलंच. घरच्या शेगडीवर प्लग तापवणारे महाभागही मी पाहिलेत. पण ती पिढी प्लग डोळ्यांनी बघायची. माझे साताऱ्याचे उस्ताद तर गॅरेजात उभ्या गाडीचा प्लग बघूच द्यायचे नाहीत. चोक देऊन चालू केलेल्या, जागेवर फटफटणाऱ्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. ते यवतेश्वरचा घाट जोरात चढवून, वर क्लच दाबून गाडी तिथल्या तिथे बंद करायला लावायचे आणि रस्त्यावरच प्लग काढायचे. कोरडी भुसभुशीत काजळी असेल तर आधी एअर फिल्टर बघ, पांढराफटक असेल तर गाडी पुढे नेऊ नकोस. एका पोराने यामाहा आरएक्स मोटारसायकलचा एअर फिल्टर काढून टाकला होता; हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून इंजिन तापलं. त्याच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चमचमणारे बारीक कण दिसले. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम होतं.

प्लगचा नंबर हीसुद्धा बघण्याची गोष्ट. आटे जुळले म्हणून दुकानदार कोणताही देतो. एनजीके कंपनीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा; बॉशमध्ये नेमकं उलटं. या गोंधळात गरम प्लग बसून घाटात गाडी ठोके मारू लागली, की दोष पेट्रोलला.

मीही चुकलोय, ते लपवत नाही. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या गाड्या नव्या होत्या तेव्हा एकीचा फिकट प्लग पाहून मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतंय असं ठरवलं आणि इंजेक्टर विनाकारण खोलला. २०००मध्ये शिशाचं पेट्रोल बंद झालं, त्यात इंजेक्शन मोजून पेट्रोल देतं. आता चांगल्या इंजिनाचा प्लगही फिकट दिसतो, जुना बिस्किटी रंग शोधत बसायचं नाही. गिऱ्हाइकाकडून त्या खोलण्याचे पैसे मी घेतले नाहीत.

‘आता स्कॅनर आहे, प्लग कोण बघतो,’ असं नवी पोरं म्हणतात. स्कॅनर माझ्याकडेही आहे. पी०३०२ असा कोड आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर होतोय, एवढं तो सांगतो. ठिणगीचा करंट देणारी कॉइल गेली, इंजेक्टर गळतोय की ऑईल चढतंय, ते त्या कोडमध्ये नसतं. त्यासाठी दोन नंबरचा प्लग काढून एक आणि तीनशेजारी ठेवावाच लागतो. (इरिडियमचा असेल तर तारेच्या ब्रशने घासू मात्र नका, टोक नाजूक असतं.)

गॅरेजवाल्या भावांवर राग नाही. तासाला चार गाड्या काढायच्या असतात, जुनं फेकून नवं लावणं सोपं. पण गिऱ्हाइकाने मागितलं की द्यावं लागतं. तेव्हा पुढच्या वर्षी ती यादी छापाल, तेव्हा प्लगच्या ओळीपुढे एवढं जोडा: जुने प्लग, कोणता कोणत्या सिलिंडरचा ते कागदावर लिहून, मागून घ्या.

कळावे,
आपला एक वाचक गॅरेजवाला,
वाई, जि. सातारा