डोळ्यापुढचे काळे ठिपके अंगावर काढू नका

महोदय,

मोतीबिंदूची शिबिरे आता आमच्या दर्यापूर भागातही भरतात; पण तिथे आलेल्या तरुणाची बहुधा चष्म्याचा नंबर देऊन बोळवण होते. शेजारचा एक मुलगा डोळ्यापुढे जाळे तरंगते म्हणून दुकानातून आणलेले थेंब घालत राहिला (कपाशीवरची फवारणी उडाली असेल, असे घरच्यांनी गृहीत धरले) आणि एका सकाळी त्या डोळ्याला केवळ लालसर धूसर दिसू लागले.

निदान झाले ते ईल्स रोगाचे. तरुण पुरुषांत अधिक आढळणाऱ्या आणि क्षयाशी संबंध जोडल्या गेलेल्या या विकारात दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) कडेच्या शिरांना सूज येऊन त्या बंद पडतात, आणि रक्त न पोहोचणाऱ्या भागालगत उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. थेंब टाकून बाहुली मोठी केल्याशिवाय ही कड नीट दिसत नाही. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या अँजिओग्राफीत बंद पडलेला भाग स्पष्ट होतो.

सूज असेल तर आधी औषधांनी ती आटोक्यात आणतात, मग त्या भागावर लेझर देतात. गेलेली नजर लेझरने परत येत नाही, पुढचा रक्तस्राव टळावा यासाठी ते असते. लेझर म्हणजे चष्मा घालवणे, हा समज गावात फार आहे. पडद्यासमोर रक्त साचून राहिले तर लेझरही देता येत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

ग्रामीण रुग्णालयांतील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुणाला पडद्याच्या तपासणीसाठी लेखी चिठ्ठी देऊन पुढे पाठवावे आणि शिबिरांच्या फलकावर मोतीबिंदूसोबत या लक्षणांचाही उल्लेख असावा, ही विनंती.

– एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती